दोन सायेब, एक वही

मी भातकुलीहून कापूस घेऊन अमरावतीले गेलो, अन् तिथं काय पाह्यलं ते आयका. कापसाले सोन्याचा भाव होता तवाची गोष्ट. खरेदीले दोन गोरे सायेब आले होते, एक जर्मन, दुसरा डेन्मार्कचा. दोघंही जवानीत एकाच जहाजावर उत्तरेच्या बर्फात अडकले होते. तिथं समुद्राचा दगड होते अन् सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही म्हणे! तिथली थंडी ते रोज पाळीपाळीनं पारा पाहून एकाच वहीत लिहीत. इथं आमचं ऊन तसंच लिहून राहिले होते.

त्या दिवशी तार आली : दोघांच्या मुलुखांत लढाई जुंपली. आता सायेब भिडतेत म्हणून सारा बाजार जमला. डेन्मार्कवाला लालबुंद होऊन आला. जर्मन उठला अन् त्यानं वही पुढं केली. "आज तुम्हारी बारी है."

डेन्मार्कवाल्यानं वही घेतली अन् पारा पाहून आकडा लिहिला.

मी इचारलं, "सायेब, राजे लढून राहिले, अन् तुमी हे कावून लिहिता?"

तो म्हणे, "उधर बर्फ में हम मर जाता, तो ये किताब जिसको मिलता, वो ठंडी कब कितनी जान के बच जाता. कौन मुलुक का आदमी, बर्फ नहीं पूछता."

भर उन्हात माह्या अंगावर काटा आला.