धाकट्या जावेच्या गाडीची बॅटरी उतरण्याबाबत

मी, तक्रारदार बाईंची थोरली जाऊ, वय ४६ वर्षे, धंदा घरी शिवणकाम, राहणार तक्रारदार राहतात त्याच घरात, तळमजला. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरच्या मजल्यावर धाकटे दीर व जाऊ राहतात. खाली मी, माझे पती व सासूबाई. जावेने यंदा नवी गाडी घेतली. ती स्वतः चालवते. गाडी माझ्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीखालीच उभी असते, दुसरीकडे जागा नाही असे म्हणतात. जावेच्या भावाने गाडीत पुढे कॅमेरा, सीटखाली निळे दिवे व मोठा हॉर्न बसवून दिला. निळे दिवे मला आवडले नाहीत. दिसतात चांगले.

त्यानंतर गाडी सकाळी सुरू होईनाशी झाली. किल्ली फिरवली की नुसते टक-टक. बॅटरी नवी टाकली, तीही उतरली. सोमवारी सासूबाईंना धाप लागली आणि गाडी जागची हलेना. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेले. आता त्यांना बरे आहे. दवाखान्याच्या दारात, शेजाऱ्यांदेखत जाऊ मला म्हणाली, "ताई, रोज संध्याकाळी गाडीपाशी काय करता तुम्ही? वायर तुम्हीच काढता ना? आमचं चांगलं बघवत नाही तुम्हाला!"

मी म्हणाले, "बघवत नसतं तर मशीन आतल्या खोलीत नेली असती."

जावेने तक्रार दिली.

मी बॉनेट उघडलेले नाही. ते कुठून उघडते हे मला ठाऊक नाही.

काल हवालदारांसमक्ष गॅरेजच्या वायरमननी गाडी तपासली. त्यांनी गाडी बंद करून बॅटरीला मीटर लावले. तरी करंट जातच होता. मग ते एकेक फ्यूज काढून मीटर बघत गेले. एक फ्यूज काढताच आकडा खाली आला. "सापडला चोर," वायरमन म्हणाले. जावेने माझ्याकडे पाहिले.

"तिकडं नको, इकडं बघा," वायरमन म्हणाले. "कॅमेऱ्याची वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनीवर घ्यायची, ती कायम चालू लाइनीवर घेतलीय. गाडी झोपली तरी हा जागाच, बसतो बॅटरी पीत. कुणी बसवलं हे?"

जावेने सांगितले नाही. मी सांगितले.

मला बरे वाटत होते. तेवढ्यात वायरमन म्हणाले, "कॅमेरा सगळा वेळ चालू होता म्हणजे गाडीपाशी कोण आलं तेही त्यात असणार."

दिरांनी ते मोबाइलवर लावले. त्यात मी आहे. बॉनेटला हात लावलेला नाही. फडक्याने काचेवरची धूळ पुसते आहे. कॅमेऱ्यात आवाजही येतो हे मला माहीत नव्हते. मी गाडीशी काय बोलत होते ते जबाबात घेऊ नये अशी विनंती आहे. लग्नानंतर मीही गाडी शिकणार होते आणि "तुला कुठं जायचंय?" असे पती म्हणाले होते, इतकेच लिहावे. बाकी जावेविषयी आहे.

दीर बंद करायला गेले तर जावेने त्यांचा हात धरला. तिने शेवटपर्यंत ऐकले. माझे पती चपला घालून बाहेर निघून गेले.

संध्याकाळी जाऊ खाली आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "ताई, चुकलं माझं. तक्रार मागे घेते," म्हणाली. मग किल्ली पुढे करून म्हणाली, "मैदानात जाऊ या. मी शेजारी बसते, तुम्ही चालवा."

मी शिवण अर्धी आहे असे सांगितले. शिवण अर्धी नव्हती.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. शेवटचे वाक्य खोडा, असे मी आधी म्हणाले होते. नंतर राहू द्या म्हणाले.