एका खाचेचं कासव

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावसमितीचे प्रमुख श्री. आंतोनें लाबिश, व्यासपीठावर बसलेले आपले आदरणीय फादर गुस्ताव, दर्याई नारळाच्या बनाचे वनाधिकारी साहेब, आजची सत्कारमूर्ती माझी चुलत बहीण फ्लावी, आणि आन्स बुदँ गावातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

फ्लावीबद्दल दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. दोन शब्दांत ती मावणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी सोलांज, संसारी बाई. प्रार्थना सोडली तर चारचौघांत तोंड उघडायची मला सवय नाही. आणि आधीच एक कबुली देते. कबुलीची जागा चर्चमध्ये असते हे मला कळतं फादर, पण ही तुमच्याकडे बारा वेळा देऊन झाली, तरी फरक पडला नाही. मी आयुष्यभर फ्लावीचा हेवा केला.

का करू नये? बनातून शाळेला आम्ही दोघी रोज बरोबर जायचो. तीच पायवाट, तीच झाडं. पण त्या बनात खाकी टोपी घालून पाहुण्यांपुढे उभी राहिली ती फ्लावी. पाहुणे तोंड उघडं टाकून ऐकायचे. हा जगातला सगळ्यात मोठा नारळ, पिकायला सात वर्षं लागतात, एकेक फळ वीस किलोचं. आपलं बेट कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा हे नारळ वाहत वाहत मालदीवच्या किनाऱ्याला लागायचे आणि समुद्राच्या तळाशी झाड आहे असं लोक समजायचे. सापडलेला नारळ तिथल्या राजाला दिला नाही तर म्हणे हात जायचा! हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी ते भांडी घासताना मुलांना सांगायची, आणि मुलं म्हणायची, "आई, मावशी तर हे फार छान सांगते."

एका इंग्रज सेनापतीला आपलं बन पाहून वाटलं होतं की हीच बायबलातली आदम आणि ईव्हची बाग. ही गोष्ट सांगताना फ्लावी पाहुण्यांना म्हणायची, "आता ईव्ह कुठं आहे विचारू नका, ती खाकी टोपीत तुमच्यासमोर उभी आहे." सगळे हसायचे. कुणाची तरी बायको तिच्यासोबत फोटो काढायची. नर झाडाची आणि मादी झाडाची वादळातली गोष्टही ती सांगायची. फादर, तेवढं कान झाकून घ्या. ती झाडं एकमेकांकडे चालत जातात आणि जो पाहील तो आंधळा होतो, असं आपल्या आज्या सांगायच्या. मी मुलांना ती गोष्ट कधी सांगितली नाही. फ्लावी जर्मनीच्या बिशपांनासुद्धा सांगून आली!

पण खरा हेवा कशाचा होता तुम्हाला माहीत आहे. आज ज्याच्यामुळे हा हॉल भरला आहे, ज्याच्या गळ्यात मघाशी तुम्ही जास्वंदीचा हार घातलात आणि त्यानं तो खाऊन टाकला, त्या बिशप नावाच्या कासवाचा. फ्लावी उद्याच्या बोटीनं माहे बेटावर भाच्याकडे राहायला चालली आहे. गुडघे गेले, एकटं राहवत नाही. भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोनशे किलोचं कासव तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. त्यामुळे बिशप कुणाला द्यायचा हे आज समितीला ठरवायचं आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलनं मागणी केली आहे. आणि दुसरा अर्ज माझा आहे. गेल्या महिन्यात, शुद्ध अक्षरात, मॅट्रिकला शिकवलेल्या मसुद्याप्रमाणे लिहिलेला.

तरुण मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या वेळी मुलगी जन्मली की बाप तिच्या नावानं एक कासवाचं पिल्लू आणायचा. मुलगी वाढेल तसं कासव वाढायचं, आणि तिच्या लग्नात जेवणाला तेच कापायचं. आज ऐकायला कसंतरी वाटतं, कायदाही आहे. तेव्हा ती बापाची माया होती. त्याच्याही आधी जहाजवाले आपली कासवं शेकड्यांनी उलटी रचून न्यायचे. अन्नपाण्याशिवाय ती महिनोन्‌महिने जगतात, हाच त्यांचा गुन्हा. आपल्या बेटांवरची अशीच संपली. उरली ती लांब आल्दाब्रा बेटावर. माझे बाबा आणि फ्लावीचे बाबा, सख्खे भाऊ, आल्दाब्राच्या गलबतावर कामाला होते. आम्ही दोघी एकाच महिन्यात जन्मलो, आणि दोघांनी बिस्किटांच्या एकाच डब्यातून दोन पिल्लं आणली. ओळखू यावीत म्हणून पाठीच्या मागच्या काठाला, शेपटीजवळ, कानशीनं खुणा केल्या. माझ्या पिल्लाला एक खाच, फ्लावीच्या पिल्लाला दोन. माझा कप्तान, तिचा बिशप. एकाच आवारात वाढले.

मी माहेला नन्सच्या शाळेत चार वर्षं राहिले. परत आले ती लग्नालाच. लग्नाच्या आदल्या दिवशी नदीवर कपडे धुताना मी फ्लावीजवळ रडले. "मला लग्न हवंय गं, पण कप्तान मरायला नकोय."

ती म्हणाली, "मग काकांना सांग."

"बाबांना काय सांगू? पाहुण्यांना काय उकडलेले कंद वाढू?"

"डोळे पूस. साबण वाया चाललाय."

दुसऱ्या दिवशी मी आवाराकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, अन्न टाकायचं नसतं." मी एक घास गिळला. देवानं दिलेलं टाकणं पाप, तो घास मला अजून आठवतो. त्याची पाठ, ते रिकामं कवच, बाबांनी मला आंदण दिली, आतून घासून, मागचा काठ कापून गोल करून. म्हणाले, "नातवंडांना बोचायला नको." माझी चारही मुलं त्या पाठीत न्हाली.

आणि फ्लावीचा बिशप मात्र जगला. तो मोठा झाला. परदेशी मासिकात छापून आला. मी तिच्या कुंपणावरून जाताना मान फिरवायची. पुढे फ्लावीला शाळामास्तरांचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी सांगितलं, जेवणाला कासव कापा. फ्लावी नाही म्हणाली. स्थळ मोडलं. तेव्हा विहिरीवर, बाजारात, चर्चच्या पायरीवर सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? मी. "हिला नवऱ्यापेक्षा जनावर प्यारं. माझं कापलं तेव्हा बरी गप्प बसली!" इथे बसलेल्या किती जणींनी ते ऐकलं आहे. मान खाली घालू नका, तुम्हीही हसला होतात.

आता कालची गोष्ट. आज मिरवणूक म्हणून समितीनं बिशपला आंघोळ घालायला मला सांगितलं. अर्ज केलेला, तेव्हा कामही मलाच. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं. नारळाच्या काथ्यानं घासत घासत मागे आले. शेपटीजवळचं शेवाळ निघालं.

एक खाच.

मी दुसरी शोधली. अर्धा तास शोधली. पदरानं पुसून, चष्मा काढून, चष्मा लावून. एकच होती.

फ्लावी पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "फ्लावी, याला एकच खाच आहे."

"डोळे अजून चांगले आहेत तुझे."

"म्हणजे माझ्या लग्नात..."

"पहाटे मी काकांना आवारात घेऊन गेले. म्हटलं, माझं घ्या. तसंही ते जास्त भरलेलं होतं."

"पन्नास वर्षं बोलली का नाहीस?"

"तू आत आलीस का कधी? कुंपणावरून ओरडून सांगू होय?"

"आणि मास्तर?"

तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "तुझं कासव तुला न विचारता कसं कापायचं? आणि तू तर बोलत नव्हतीस."

मंडळी, बाबांनी काठ का कापला ते मला काल कळलं. दोन खाचा होत्या तिथे. माझ्या मुलांच्या अंगाला काही बोचणार नव्हतं. मला बोचलं असतं.

तुम्हाला वाटेल, आता सोलांजचा हेवा गेला. नाही गेला. दुप्पट झाला. टोपी तिची, गोष्टी तिच्या, फोटो तिचे. निदान चांगुलपणात तरी मी पुढे असेन असं मला वाटायचं. मी रोज प्रार्थनेला येते, उपास करते, फुकट काही दवडत नाही. तिथेही हीच पुढे, आणि पन्नास वर्षं आधी! काल घरी जाऊन मी त्या पाठीजवळ बसले. जन्मभर जिची निंदा केली तिचंच कासव होतं ते, आणि माझी लेकरं त्यातच न्हाऊन मोठी झाली.

तेव्हा अध्यक्ष महोदय, सर्वांसमोर मी माझा अर्ज मागे घेते. माझंच कासव मी मागायचं कशाला? हॉटेलवाल्यांनाही तसं कळवा. कप्तान माझ्या आवारात येईल. त्याचं नाव मात्र बिशपच राहू द्या. पन्नास वर्षं ज्या नावाला त्यानं मान वळवली ते बदलायचा हक्क त्यालाच आहे, मला नाही.

पण एक अडचण आहे. त्याला संध्याकाळी गळ्याखाली कुठे खाजवायचं ते मला ठाऊक नाही. माझे यजमान लुसिएँ गेल्यापासून पुढची खोली रिकामी आहे. जिना नाही. आवार दारातच. फ्लावी, तू माहेला गेलीस तर मी इथे हेवा कुणाचा करू? या वयात दुसरं माणूस शोधायचं म्हणजे फार उशीर झाला गं.

बनातलं आयुष्य आम्हाला दिल्याबद्दल वनखात्याचे, हॉल दिल्याबद्दल फादरांचे, खुर्च्या लावणाऱ्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल तर घरची बाई समजून पोटात घाला. सगळ्यांत मोठी चूक माझी फ्लावीपाशी आहे. तिची माफी मी माईकवर मागणार नाही. ती घरी मागेन, ती आली तर.

आणि कुणी उठू नका. मी नीरफणसाचा गोड लाडोब करून आणला आहे, आमच्याच झाडाचा, नारळाच्या दुधातला. आपली म्हण सगळ्यांना ठाऊक आहे, इथला नीरफणस खाल्ला की माणूस बेट सोडून जात नाही, गेला तरी परततो. पहिली वाटी सत्कारमूर्तीची.

फ्लावी, सगळी संपव. मग बोटीचं बघू.