हळदीचं पाणी आणि माझ्या चार ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भूपेंद्रभाऊ, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती मेहरुन, पहिल्या रांगेत बसलेले तिचे वडील गनीभाई, आणि धरणगाव, भडगाव, धुळ्याहून वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. ‘हेमराज सर, तुमची विद्यार्थिनी हैदराबादच्या मोठ्या संस्थेत चालली आहे, गौरवपर बोला,’ असं मला सांगण्यात आलं. बोलतो. पण आधी एक शंका. निमंत्रणपत्रिकेत मेहरुनच्या नावाखाली ‘हौशी विज्ञानप्रसारक’ असं छापलंय. हौशी? अहो, हौस म्हणजे रविवारी पेटी वाजवणं. ही बाई अठरा वर्षं याच कामावर पोट भरते आहे! नोकरी नाही, साहेब नाही, खातं नाही, म्हणून ती हौशी झाली काय?

आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं, की मेहरुनला आपल्या विज्ञान मंडळानं घडवलं. मी या मंडळाचा अकरा वर्षं कार्याध्यक्ष होतो. घडवलं नाही. काय केलं ते मी सांगणार आहे. योगेंद्र, माईकचा आवाज थोडा वाढव बेटा.

गनीभाई पिंजारी. धरणगावात त्यांनी भरलेल्या गाद्यांवर निम्मं गाव झोपतं. मेहरुन आठवीत माझ्या वर्गात आली, तेव्हा मी विचारलं होतं, जुन्या गादीतला कापूस कडक का होतो? ही उठली आणि म्हणाली, ‘सर, तंतू एकमेकांत अडकतात, मधली हवा निघून जाते. अब्बा कापूस पिंजतात म्हणजे हवा परत भरतात.’ पुस्तकात हे नव्हतं. तिनं दुकानात बसून ऐकलं होतं, गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत.

पुढं ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि धुळ्याला माती-पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत लागली. तिथं एका शेतकऱ्यानं अहवाल हातात धरून विचारलं, ‘बाई, पीएच साडेआठ म्हनजे काय?’ साहेब म्हणाले, कागदावर लिहिलंय ना. मेहरुननं त्याला बाकावर बसवून समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलापुढं रांग लागायला लागली. आणि मग तिला लेखी समज मिळाली, कामाचा वेळ वाया घालवल्याबद्दल! तिनं राजीनामा दिला. तेव्हापासून दोन पिशव्या आणि एसटी. आकाशवाणीसाठी संहिता, दवाखान्यांची पत्रकं, शाळांमधले प्रयोग, वर्तमानपत्रातलं सदर. इंग्रजीत वाचायचं, मराठीत लिहायचं, गावात अहिराणीत बोलायचं आणि घरी उर्दूत थकायचं. लोक विचारत, ‘हिची नेमकी नोकरी काय?’ काही जण नुसतं नाव विचारत, आणि नाव ऐकून पुढचं विचारत नसत.

तिचं कसब मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन वर्षांपूर्वीचा जुलै. धरणगाव तालुक्यातल्या एका गावात कपाशीवर फवारणी करणारे वीस-बावीस मजूर चावडीपुढं जमले होते. मला वाटलं, ही आता तक्ते लावणार. तिनं तोतारामभाऊ नावाच्या जुन्या मजुराच्या पंपात हळदीचं पाणी भरलं आणि म्हणाली, ‘भाऊ, रोज फवारता तसं त्या पडक्या भिंतीवर फवारा.’ त्यांनी फवारलं. मग फडक्यानं हात-तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘ताई, बठ्ठं पुसायी गयं. वीस वरीस झायात, माले काही व्हत नही.’

मेहरुननं साबणाचं पाणी घेतलं आणि त्यांच्या मानेवर, मनगटावर, सदऱ्याच्या पाठीवर, मांडीवरच्या पायजम्यावर बोळ्यानं लावलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तोतारामभाऊ जागोजागी लाल झाले. कानामागंसुद्धा. कुणी हसलं नाही. भाऊंनी स्वतःच्या मानेला हात लावला, बोटं बघितली आणि विचारलं, ‘ताई, हाई औषध ऱ्हातं तं?’

हळदीच्या जागी खरं औषध असतं तर? तिनं एवढंच म्हटलं, ‘तेच सांगायला आले.’

अध्यक्ष महोदय, चाळीस वर्षं विज्ञान शिकवून मला असा एक तास घेता आला नाही.

त्यातून तिनं एका पानाचं पत्रक काढलं. फवारताना काय घालायचं, त्रास झाला तर कपडे उतरवून साबणानं अंग धुवायचं, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली बरोबर न्यायची. शेवटची ओळ अशी : ‘दुकानात तोंडी सांगितलेलं मिश्रण वापरू नका, बाटलीवर छापलंय तेवढंच करा.’ छापण्याआधी तिनं ते मला तपासायला दिलं. मी शब्द न् शब्द तपासला. सगळं बरोबर होतं.

त्या शेवटच्या ओळीवर कृषी केंद्रवाले चिडले. भूपेंद्रभाऊ, आपण स्वतः माझ्या घरी आलात. आपली चार दुकानं आहेत आणि मंडळाची दुर्बीण आपणच दिलेली. आपण म्हणालात, ‘सर, ही बाई कोण? कोणत्या खात्याची? उद्या गावोगाव आमची बदनामी करेल. मंडळानं हात झटकावेत.’ भाऊ, घड्याळाकडे बघू नका. माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत, आणि नसली तरी मी बोलणार आहे.

मी हात झटकले. मंडळाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या. ‘सदर महिला आमच्या मंडळाच्या पदाधिकारी नाहीत. त्या मंडळाच्या अधिकृत वक्त्या नाहीत. सदर पत्रक मंडळाने काढलेले नाही. त्यातील मजकुराची जबाबदारी मंडळावर नाही.’ मित्रहो, एकेक वाक्य खरं होतं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. खाली माझी सही. त्या चार ओळींच्या प्रती कुणी कुठं-कुठं पाठवल्या ते मी विचारलं नाही. तिचं सदर बंद झालं. आणि पुढच्या वर्षी, फवारणीच्या हंगामात, एका ग्रामपंचायतीनं ठरलेला कार्यक्रम रद्द केला. ‘बाई अधिकृत नाही’ हे कारण, आणि पुरावा म्हणून माझं पत्र.

त्या गावात धनसिंग नावाचा मजूर होता. रोजानं फवारणी करायचा. कार्यक्रम रद्द झाल्यानंतर तीन आठवड्यांनी दुपारी तो शेतात पडला. सोबतच्यांना वाटलं, ऊन लागलं. ओले कपडे अंगावर तसेच ठेवून त्याला निंबाखाली निजवलं, लिंबू-पाणी पाजलं. तासाभरानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, भागाबाईला, विचारलं, कोणतं औषध होतं? तिला माहीत नव्हतं. दुकानदारानं दोन बाटल्या मिसळायला सांगितल्या होत्या आणि रिकाम्या बाटल्या नाल्यात गेल्या होत्या. धनसिंग तिसऱ्या दिवशी वारला.

मी मेहरुनकडे गेलो. विचारलं, ‘तुझा कार्यक्रम झाला असता तर तो वाचला असता का?’ मला ‘नाही’ ऐकायचं होतं. ती म्हणाली, ‘माहीत नाही, सर. जे मला माहीत नाही ते मी सांगत नाही.’

रागावली असती तर मी सहन केलं असतं! मला राग येतो तो या शालीचा. हैदराबादच्या लोकांनी हिचा हळदीचा प्रयोग पाहिला, तो आठ राज्यांत नेण्यासाठी हिला बोलावलं, पेपरात फोटो आला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला आठवलं की ती आपली आहे. ज्या हातांनी तिला गावाबाहेर ठेवलं तेच हात आज तिला नारळ देणार. त्यात माझेही आहेत.

गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, समारंभात सगळं बोलणार आहे. ती म्हणाली, ‘सर, नुसतं बोलू नका. पत्र मागे घ्या.’ मी दोन पानं लिहून नेली. तिनं वाचली, पेन घेतलं, माझी सगळी विशेषणं खोडली आणि म्हणाली, ‘धनसिंगचं नाव वर घ्या. लोक पहिली ओळच वाचतात.’ ते पत्र आज सकाळी ग्रामपंचायत, वर्तमानपत्र आणि मंडळ, तिन्हीकडे मी स्वतः नेऊन दिलं. वाचतो :

‘धनसिंग फवारणीच्या विषबाधेनं वारला. त्याआधी तीन आठवडे मेहरुन त्याच्या गावात हीच माहिती द्यायला जाणार होती. माझ्या पत्रामुळे तिला अडवलं गेलं. तिचं पत्रक मी तपासलं होतं. ते बरोबर होतं, हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. ते पत्र मी मागे घेतो.’

मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामाही सोबत जोडला आहे.

मेहरुन, जा. चांगलं काम कर, गनीभाईंना फोन करत जा. संयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून तेवढं पोटात घाला. पण त्या चार ओळी पोटात घालू नका. त्यांची माफी या सभागृहानं देण्यासारखी नाही. मेहरुनच्या बोलावण्यावरून भागाबाई आल्या आहेत, चौथ्या रांगेत बसल्या आहेत, आणि दोन वर्षांत मी एकदाही त्यांच्या समोर गेलेलो नाही.

आता जातो.