थंडीत या!

...आणि वर स्वेटर घालून बसलेली माणसं! भर उन्हाळ्यात! बाहेर डांबर पायाला चिकटतंय, आणि आत निवड समितीतले हे तिघं एसीत कुडकुडतायत. भिंतीवर हा एवढा फलक, 'तापत्या जगात मुलांचं रक्षण करणाऱ्या स्टार्टअपना भांडवल'. अध्यक्षबाई शाल सावरत म्हणतात कशा, "कल्पना सुंदर आहे हं!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकलं ना, की मी ओळखतो, काम फसलं. कारण कल्पना सुंदर आहे म्हणणाऱ्याने आजवर छदाम दिलेला नाही!

आता माझं स्टार्टअप म्हणजे काय? मी, आणि एक डबा. वर्ग फार तापला की डबा आधी पिवळा होतो, मग तांबडा, मग बोंब ठोकतो आणि पत्र्यावर पाण्याचा फवारा सोडतो. आमची ही शाळेत दुसरीला शिकवते ना, तिच्या पोरांनी त्याचं नावच ठेवलंय, बोंबल्या! गेल्या उन्हाळ्यात तिच्या वर्गातली एक चिमुरडी बाकावरच चक्कर येऊन पडली हो. ही घरी आली ती रडतच. "पडल्यावर कळलं मला! आधी कळायला नको?" म्हणून बनवला मी तो. एकुलता एक. तोच आज सकाळी तिच्या वर्गातून काढून आणलेला. ही म्हणाली, "न्या, पण होकार घेऊनच या. आज माझी पोरं उघड्यावर टाकून चाललाय तुम्ही."

तर त्या तिघांत एक टायवाला होता, तो म्हणतो, "वाजवून दाखवा."

आता त्या बर्फाच्या कारखान्यात वाजणार कसा? मी त्याच्यावर फुंकर मारली... काखेत धरला... शेवटी चहाच्या कपावर धरला, तर चहासुद्धा गारढोण! टायवाला म्हणतो, "थोडक्यात, चालत नाही." अहो, चालतोय! इथे गप्प बसणं हेच त्याचं चालणं!

शेजारी आकडेवाला. नाकावर चष्मा. "गिऱ्हाईक कोण?" म्हटलं, मुलं. "मुलं पैसे देतात?" अहो, मुलं घेतलेला खोडरबर परत देत नाहीत, पैसे कुठले देतायत! "मग परतावा?" म्हटलं, परतावा म्हणजे सकाळी शाळेत गेलेलं पोर संध्याकाळी धडधाकट घरी परतणं! बाई गहिवरल्या. "कल्पना सुंदर आहे हं!" झालं! मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

आणि... वीज गेली!

खिडक्या? सगळ्या सीलबंद काचा! बघता बघता शाल गेली, स्वेटर गेले, टाय सैल झाला, आकडेवाल्याचा चष्मा घसरून चहात! आणि माझा बोंबल्या, तो बॅटरीवर चालतो हो... पिवळा... तांबडा... आणि असा केकाटला, असा केकाटला! मला तर त्याचा मुकाच घ्यावासा वाटला. "बघा, वाजला!" तर टायवाला ओरडतोय, "बंद करा हो ते! जीव घाबरा होतोय!" आणि तिघंही व्हरांड्यात पळाले की!

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "तुम्ही पळालात. ती पोरं कुठे पळणार? घंटा होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं आपणच शिकवलंय ना त्यांना?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी. खरं पाणी हो, घाम नाही! म्हणाल्या, "किती भयंकर आहे हे! असल्या उकाड्यात माणसाचं डोकं तरी चालेल का?" मी मनात म्हटलं, जिंकलास गड्या! आज घरी होकार नेणार तू!

"म्हणूनच म्हणते," बाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "आत्ता निर्णय नको. बैठक थंडीत घेऊ. तेव्हा तुम्ही या, आणि पुन्हा एकदा वाजवून दाखवा."

थंडीत! वाजवून!

बोंबल्या काखोटीला मारला, दोन्ही हात जोडले आणि म्हटलं, "बाई... कल्पना सुंदर आहे हं!"