डबे आमचे आम्हीच करू

(बालाघाट, १९६६. स्वयंपाकघरात सिगडी पेटलेली. आजी दुर्गाबाई उंबरठ्याबाहेर पाट मांडून बसलेल्या. आत अकरा वर्षांची नात पमी आणि आठ वर्षांचा नातू नंदू डब्यासाठी आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी, करायला निघालेले.)

आजी : अवो पोरी, थांब! ते तांदळाचं पीठ नाई, रांगोळी हाय ते!

पमी : रांगोळी? नंदू, डबा तूच दिलास ना!

नंदू : सफेद है, बारीक है. मुझे क्या मालूम?

आजी : किती टाकली वो पाण्यात?

पमी : तीन मुठी.

आजी : तीन! आता पोटात रांगोळी घेऊन जासान शाळेत. मास्तर म्हणीन, दिवाळी आली.

नंदू : आजी, तू तर बोलणार नव्हती!

आजी : तुह्या मायले मी काय कबूल केलतं? हात लावणार नाई म्हणून. तोंडाचं काही ठरलं नोतं.

पमी : हे फेकून येते मी. नंदू, खालच्या डब्यातलं पीठ काढ. आणि पहिले चाटून पाह्य.

नंदू : मीच काहून चाटू?

पमी : रांगोळी कोणी दिली?

नंदू : ...पीठ आहे. पक्कं पीठ. आजी, आयत्याले पाणी कितनं लागते?

आजी : सांगू काय?

पमी : नाही सांगायचं! आजी, तू बाबाले काय म्हटलं होतं? तुही बायको शीला लामता गावच्या शाळेत शिकवायले गेली तर घरी पोरं उपाशी मरतील. म्हटलं होतं ना?

आजी : हौ, म्हणलं.

पमी : आणि आई म्हणे, पोरं आपला डबा आपण करून नेतील. मग आम्हाले करू दे. तू पाणी सांगशील, तर आम्ही कुठं केलं?

आजी : करा बापा, करा. रविवारी तुहा बाप दौऱ्यावरून आला का मी सांगणारच हावो, जे पाह्यलं ते.

नंदू : आजी सीआयडी आहे.

पमी : ओत पाणी. अरे, बस! बस म्हटलं ना!

नंदू : पातळ झालं.

पमी : पीठ टाक.

नंदू : घट्ट झालं.

पमी : मग पाणी टाक.

नंदू : फिर से पातळ झालं. दीदी, गंज भरत आला.

आजी : टाका, टाका. आपलं झालं का मोहल्ल्याले वाटा. उरलंच तर भिंती सारवून घेऊ.

पमी : आजी, हसू नको, मलेबी हसू येते! पीठ सांडते मग.

नंदू : तवा तापला. मी टाकू? मी टाकतो!

पमी : गोल टाक. बाहेरून आत. आजी टाकते तसं.

नंदू : टाकला!

पमी : हा गोल आहे?

नंदू : थोडा इधर-उधर झाला. हे पाह्य, मध्य प्रदेशचा नकाशा! शाळेत टांगलाय ना, वैसाच. इथं भोपाळ. इथं इंदोर.

पमी : बाई! खरंच! आजी, मान लांब करून पाह्य ना!

आजी : मले काय समजते नकाशातलं? आपलं बालाघाट कुठी हाय त्याच्यात?

नंदू : बालाघाट... बालाघाट तव्याले चिपकलं.

आजी : घ्या! गावच चिपकलं! सोडव, नाई तर जळून जाईन आपलं घर.

पमी : उलटवते मी. हट. एक, दोन... गेलं! जबलपूर फाटलं!

नंदू : जबलपूर मी खातो!

पमी : गरम आहे रे! थुंक! पाणी पी!

आजी : अरे देवा... माह्या पोटात दुखाले लागलं हसून हसून. मले उठू द्या. सरका, दोन मिनिटांत टाकून देतो मी दहा आयते.

नंदू : हौ आजी, ये. भूक लागली. शाळेची घंटी होईन.

पमी : नाही! आजी, बस खाली. नंदू, तू पार्टी बदलतो?

नंदू : सगळे फाटून राह्यले, दीदी. डब्यात काय नेऊ, मध्य प्रदेश के टुकडे?

पमी : टुकडे नेईन, पण आपले नेईन. तू पाह्यलं नाही का सकाळी? शाळेत निघायच्या आधी आई साडी नेसून आरशासमोर उभी राहून म्हणत होती, "बच्चों, बैठ जाओ." एकदा मोठ्यानं. एकदा हळू. एकदा हसून.

नंदू : पाह्यलं ना. मी परसात दात घासून राह्यलो होतो. मीबी बसलो.

आजी : कुठी बसला?

नंदू : मातीत. आई इतकं चांगलं म्हणत होती का बसावंच लागलं.

आजी : खरं काय वो पमी? आरशापुढे?

पमी : हौ. आणि आज आपण उपाशी गेलो, तर तू बाबाले सांगशील, आणि मग ती कोणाले म्हणेल "बैठ जाओ"? आजी, तुले आईची नोकरी काहून नाही आवडत?

आजी : नोकरीचं काय हाय मले? करावं तिनं.

पमी : मग?

आजी : हा डाग पाह्य माह्या मनगटावर.

नंदू : हा तर पह्यलेपासून आहे. कायचा आहे हा?

आजी : तुह्याहून लहान होतो मी, पमी. लगन होऊन कटंगीले आलतो. पह्यल्याच महिन्यात सासूनं चुलीपाशी बसवलं. वीस माणसाचा सैपाक. गंज उतरवाले गेलो, भाताचा कढत माड सांडला हातावर. रडलो त अजून बोलणी खाल्ली, का भात वाया गेला म्हणून. तवापासून लहान पोरगी इस्तवापाशी पाह्यली का माहा जीव थाऱ्यावर राह्यत नाई. म्हणून म्हणलं तुह्या बापाले. दुसरं काही नाई.

पमी : हे तू आईले काहून नाही सांगितलं?

आजी : तिनं इचारलं नाई. मीबी सांगतलं नाई.

पमी : आजी... तुझा पहिला आयता फाटला, तेव्हा कोणी हसलं होतं?

आजी : हसते कोण वो? भेवच इतका होता.

नंदू : तुझ्यासंगं कोणी नव्हतं? माझ्यासारखा?

आजी : पोट्टे कायले येतीन चुलीपाशी? ते वाढलं का जेवाले येत.

नंदू : मी तर आलो.

आजी : आला ना बापा. रांगोळी घेऊन आला.

पमी : नंदू, चल. तेल जरा जास्त टाक यावेळी. तवा पुसून घेतला? मी सांडशी धरते, तू ओत. हळू.

नंदू : ओततो. दीदी, बोलू नको. आजी, तूबी नको बोलू. कोणीच नको बोलू.

पमी : कडा सुटून राह्यल्या.

नंदू : चूप!

आजी : (मान लांब करून पाहते.)

नंदू : उलटला! दीदी, पूरा उलटला! आजी, पाह्य, पाह्य, गोल!

पमी : फाटला नाही! कुठूनच नाही! आजी, मान नको लांब करू, आतच ये! हात मागं बांधून ये!

आजी : आलो, आलो. अगं बाई... जाळी पडली हाय त्याले. नाचू नका रे इस्तवापाशी! नाचायचं त आंगणात नाचा!

नंदू : हा माझ्या डब्यात. नाही, दीदीच्या डब्यात. नाही, माझ्याच!

पमी : घे तू. दुसरा मी टाकते.

नंदू : टाक, टाक. अजून तर भिंती सारवायच्या आहेत!

पमी : दोन तुझे, दोन माझे. जवसाची चटणी घातली. झाकण लाव. हा एक उरला. आजी, बस पाटावर. हा तुझा.

आजी : मले कायले? डब्यात घाला.

पमी : डबे भरले. हात तू लावायचा नाही, पण खायचं ठरलं नव्हतं ना काही? घे.

नंदू : कसा झाला? बोल ना, आजी. कसा झाला?

आजी : मीठ नाई.

पमी : बाई! मीठच टाकलं नाही आपण!

नंदू : चटणीत आहे! चटणीत बहुत मीठ आहे! चलते!

आजी : चलते. कैरीचं लोणचंबी घ्या फोडभर. बरणी वरच्या फळीवर हाय.

पमी : आणि बाबाले काय सांगशील रविवारी?

आजी : जे पाह्यलं तेच. तुही माय तिकडं पोरं बसवून राह्यली, इथं पोरांनी मले बसवलं. जाऊ दे म्हणीन तिले.

नंदू : दीदी, घंटी झाली! चल! आजी, तू अजून अर्धाच खाल्ला? आवडला नाही का?

आजी : आवडला रे.

नंदू : मग इतका हळू काहून खाऊन राह्यली?

आजी : गरम हाय ना. तव्यावरचं गरम खायची सवय नाई मले. जा तुम्ही.