राईतल्या वठलेल्या आंब्याचं लाकूड

मंडळी, बसून घ्या. एवढी सगळी देवळापुढं जमलात, माझ्या थोरल्या बहिणीसाठी जमलात, म्हणून उभा राहिलोय. दुःख हाय, पण त्याहून जास्त राग हाय. तुमचा राग आलाय मला.

मगापासनं ऐकतोय. गंगूआक्का देवमाणूस हुती. गंगूआक्कानं जल्मभर देवीची राई राखली. व्हय, राखली. राईतली काटकी चुलीला लावायची न्हाई, वठलेलं झाड जागच्या जागी कुजू द्यायचं, ही वाडवडलांची रीत. तिनं पाळली. आन् तुमी काय केलंत?

निरोप आला तवा मी पिंपरीला कंपनीत, शिफ्टवर. चाकणला बस सोडली आन् पळत आलो, तवर सरण पेटलं हुतं. लाकूड बघितलं आन् ओळखलं. राईतला वठलेला आंबा.

"तात्या, ह्यो कुणी तोडला?" म्हणून इचारलं. रामूतात्या म्हणाले, "अरे, आक्काला वखारीतलं लाकूड कसं द्यायचं? राईतलं दिलं. मानाचं."

कुणाचा मान, तात्या? त्या आंब्याच्या ढोलीत शिंगाचा काळा भुंगा ऱ्हातो, हे गावात कुणाला ठाव न्हाई? जित्या झाडाला तो तोंड लावत न्हाई. त्याला जुनं, आतनं कुजलेलं खोड लागतं. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या त्या भुश्यात वाढतात, तवा कुठं भुंगा होतो. तुमीच म्हणायचात, "आक्का, मेलेलं झाड काय राखत बसलीस?" ती म्हणायची, "तुमच्यासाठी मेलंय. आत केवढा गोतावळा नांदतोय, बघा तरी." तुमी हसायचात.

त्या अळ्या सरणावर तडतडत हुत्या, मंडळी. मी बघितल्यात. जिनं त्यांना जपलं, तिच्याच अंगाखाली तुमी त्यांना जाळलंत. तिला कळलं असतं तर सरणावरनं उठून खाली उतरली असती.

हेतू चांगला हुता म्हणताय. त्या हेतूचं काय लोणचं घालू?

आता पाटील म्हणतात, आक्काच्या नावानं चौथरा बांधू. नगं, पाटील. सरण रचून उरलेलं आंब्याचं खोड भामा नदीच्या काठावर पडलंय. सकाळी गेलो तर त्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव. कुणीतरी चुलीला न्यायला लागलंय. नाव घेत न्हाई, त्यानं मान खाली घातलीच हाय. मी त्या खोडाला कान लावला. आत कुरतडल्याचा आवाज येतोय. अळ्या जित्या हायेत अजून.

दोन मिनिटं उभं ऱ्हायचं आन् घरी जाऊन जेवायचं, असली श्रद्धांजली मला नगं. आक्कासाठी गप ऱ्हायचंय ना? मग उठा. नदीवर चला, त्या खोडाला खांदा द्या. राईत नेऊन सावलीला ठेवेपर्यंत कुणी एक शब्द बोलू नका.