मेल्याचं सोंग घेणारे भुंगेरे

मंगळवार, बारा मार्च १९९१, सकाळी साडेसात. अध्यक्ष रत्नाकरजी मेश्राम, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निरोप घेणारे सत्कारमूर्ती, केंद्राचे पशुवैद्य डॉक्टर मुरलीधर गजभिये, आणि पेढ्यांवरच्या माश्या वारत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! तारीख आधी सांगितली, कारण अपराध तेव्हा घडला.

त्या सकाळी आपल्या सहकारी कुक्कुटपालन केंद्रात पिंजऱ्यांखालची विष्ठा पार फरशीपर्यंत खरवडून ट्रॉलीत भरली. कशासाठी? आजच्या निरोपासाठी! पाहुण्यांना स्वच्छता दिसावी म्हणून!

मी भिंतीपलीकडे राहते. पूर्वी माझ्या वरणात माश्या पडायच्या. भांडायला आले, तर डॉक्टरांनी वाळलेल्या विष्ठेचं ढेकूळ माझ्यासमोर फोडलं. आत तिळाएवढे काळे, चकचकीत भुंगेरे.

"बाई, हे माश्यांची अंडी खातात, बारक्या अळ्या खातात. यांना घालवू नका."

मी बोट लावलं, तशी सगळ्यांनी पाय पोटाशी घेतले.

"मेले की हो!"

"सोंग आहे. जरा गप्प बसता येते का पाहा."

मला? गप्प? पण बसले. मग एकाने हळूच एक पाय बाहेर काढला, दुसऱ्याने मिशी हलवली, आणि सगळी मंडळी कामाला लागली. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथेच जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. विष्ठेकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. पुढे रोज भिंग घेऊन येऊ लागले. अंधारात यांना अंडी सापडतात कशी? धोका टळला हे कळतं कसं? अजून मला उमगलेलं नाही.

त्या मंगळवारी मी धावत आले, तर नव्या व्यवस्थापिका विनीता रामटेके म्हणाल्या, "दीदी, काहून ओरडून राहिल्या? मी काडीनं हलवून पाहिलं ना, सारे मरे पडले आहेत!"

अहो, काडीनं हलवलं म्हणूनच ना!

ट्रॉली खत म्हणून बरगी गावाकडच्या शेतांत गेली. माझ्या हाती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मावेल एवढीच भुंगेऱ्यांसकट विष्ठा लागली. घरी पोचेपर्यंत त्यातले 'मेलेले' फिरायला निघाले होते. इकडे ताज्या, ओल्या विष्ठेत माश्यांनी अंडी घातली, खायला कोणी नाही. निकाल अध्यक्षांच्या चष्म्यावर बसला आहे.

डॉक्टरसाहेब, आपण उद्या नागपूरला निघालात. आज शाल घेताना मला हळूच विचारलंत, "माझ्यामागे यांचं काय?" उत्तर मी सोबत घेऊनच आले होते: हारतुऱ्यांऐवजी हा डबाच आणला आहे. घाबरू नका अध्यक्षजी, झाकण घट्ट आहे.

ऐकून घेतल्याबद्दल सभेचे आभार. जीभ तिखट आहे, कोणाला झोंबली असेल तर आजच्या दिवशी सोडून द्या. मात्र विनीता, बेटा, तुला सूट नाही. हे भुंगेरे पिंजऱ्यांखाली परत सोडू देशील का? आणि यापुढे पिंजऱ्यांची एक ओळ साफ करताना शेजारची तशीच ठेवशील का? बुधवारी, सत्तावीस मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं.

निपचित पडून राहायची मुभा फक्त डब्यातल्यांना आहे.